मलावीच्या गावी जाताना : प्रश्न सोलापूरचे

सलाम. गेल्या दोन महिन्यांत सोलापुरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. इथल्या एका ख्रिस्ती मंडळीतर्फे (म्हणजे चर्चतर्फे) एक परिचारिका आणि त्यांचे शिक्षक पती आफ्रिकेतल्या मलावी देशात, सरोवराकाठच्या एका खेड्यात दोन वर्षांच्या सेवेसाठी निघाले आहेत. त्या दोघांनी विचारलं आहे, घरच्यांनी विचारलं आहे, मंडळीच्या खजिनदारांनीही विचारलं आहे. एवढी पत्रं एका विषयावर आली म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं.

प्रश्न : मी परिचारिका आहे. गावात पोचल्याबरोबर दवाखान्यात कामाला लागावं असं वाटतं. भाषेसाठी वेगळा वेळ काढायलाच हवा का? इंग्रजी तिथं चालतं ना? (जुळे सोलापूर)

कचेरीत चालतं, प्रसूतीच्या खाटेपाशी चालत नाही. मलावीत इंग्रजी राजभाषा आहे, पण खेड्यातली आजी आपलं पोट कुठं दुखतं ते इंग्रजीतून सांगणार नाही. शिवाय तिथल्या परिचारिका परिषदेची नोंदणी हातात येईपर्यंत तुम्हाला साधं इंजेक्शनही देता येत नाही. भारतातली नोंदणी तिथं आपोआप लागू होत नाही. कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती, इथल्या नर्सिंग कौन्सिलचं 'गुड स्टँडिंग' (नोंदणी नीट चालू असल्याचं) प्रमाणपत्र आणि कामाचा परवाना यांची तयारी निघायच्या बऱ्याच आधी सुरू करा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन 'नंतर बघू' म्हणणारे कायद्याच्या कचाट्यात सापडतात, आणि त्यांना बोलावणारी तिथली मंडळीही अडचणीत येते.

म्हणून पहिले सहा महिने तुम्ही विद्यार्थिनी आहात असं धरून चला. आमचा हा आग्रह काहींना जास्त वाटेल. पण अशा सेवेत जे बिनसतं त्यातलं बरंचसं पहिल्या सहा महिन्यांच्या घाईतून बिनसतं.

मध्य आणि दक्षिण मलावीत चिचेवा भाषा चालते. सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे आणि काठाकाठानं भाषा बदलते. मांगोचीकडे याओ, न्खाटा बेकडे टोंगा, आणखी उत्तरेला तुंबुका. तुमचं गाव नेमकं कुठं आहे हे विचारून मगच भाषेचं पुस्तक घ्या.

सोलापूरकरांना एक फायदा आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकत वाढल्यामुळे परक्या भाषेची भीती नसते. चिचेवात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं : चांगला, चांगली, चांगले. चिचेवात डोकं बदलतं. मुंथु म्हणजे माणूस, आंथु म्हणजे माणसं. चिंथु म्हणजे वस्तू, झिंथु म्हणजे वस्तू अनेक. विशेषणालाही तोच उपसर्ग लागतो : चांगली माणसं आंथु आब्विनो, चांगल्या वस्तू झिंथु झाब्विनो. त्यामुळे नुसते शब्द पाठ करून काही हाती लागत नाही. प्रत्येक नाम एकवचन आणि अनेकवचन अशा जोडीनंच वहीत उतरवा.

आदरार्थी अनेकवचन मात्र थेट आपल्यासारखं आहे. 'इवे' म्हणजे तू, 'इनू' म्हणजे तुम्ही. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसाला आणि पेशंटलाही 'इनू'च. पुरुषाला आबांबो, बाईला आमायी, म्हाताऱ्या माणसाला आगोगो म्हणायचं. आपण काका, मावशी, आजी म्हणतो त्यातलाच प्रकार.

शिकण्याची रीत साधी आहे. गावातली एक व्यक्ती पगारावर भाषेची गुरू म्हणून ठेवा. शक्यतो इंग्रजी बेताचंच येणारी बघा, नाहीतर दोघी इंग्रजीतच बोलत बसाल. सकाळी तिच्याकडून चारपाच वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, तासभर घोका, आणि दुपारी तीच वाक्यं दहा घरी जाऊन बोला. संध्याकाळी कुठं लोक हसले ते वहीत लिहा. हसले तिथं चूक आहे, दुसऱ्या दिवशीचा धडा तिथूनच सुरू करा. आठवड्यातून एकदा दवाखान्यातल्या रांगेत नुसतं बसा. पेशंट दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात ते तिथंच कळतं, वर्गात कळत नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस मिशनरी नव्हते, पण ते सोलापूरचेच. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, चिनी भाषा शिकून घेतली, आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. परमुलखात पेशंटच्या भाषेवाचून डॉक्टरकी होत नाही, हे सोलापुरात नव्यानं सांगायला नको.

प्रश्न : गावात पहिल्या दिवशी काय करावं, काय टाळावं? (त्याच भगिनी)

आधी मुखियाची भेट. त्याला म्फुमू म्हणतात. स्थानिक पाळक (धर्मगुरू) किंवा मंडळीतले वडीलधारे तुम्हाला घेऊन जातील, एकटं जाऊ नका. साखर, साबण असं साधं काहीतरी न्यावं. सोलापुरी चादर दिलीत तर ती शोभेची वस्तू म्हणून पडून राहणार नाही, त्याचं कारण पुढं येईल.

कुणाच्याही घरी थेट दारात जाऊ नका. अंगणाच्या कडेला थांबून 'ओदी!' अशी हाक द्यायची. आतून 'ओदीनी!' आलं की पुढं व्हायचं. नमस्काराला घाई नको. सकाळी 'म्वाद्झुका ब्वांजी?', म्हणजे कसे उठलात? उत्तर : 'न्दाद्झुका ब्विनो, काया इनू?' बरा उठलो, तुम्ही? दुपारनंतर 'म्वास्वेरा ब्वांजी?' हा सवालजवाब पुरा झाल्याशिवाय कामाचं बोलणं काढलं तर ते उर्मट समजतात, औषध द्यायला आलेली नर्स असली तरी. वस्तू देताघेताना दोन्ही हात पुढं करावेत, किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार द्यावा.

सगळ्यात मोठी चूक होते ती मयताच्या वेळी. गावात कुणी वारलं की त्याला मालिरो म्हणतात आणि सगळं गाव थांबतं. शेजारी पीठ, लाकूड, थोडे पैसे आणतात. बायका एकीकडे बसतात, पुरुष दुसरीकडे, आणि काही जण रात्रभर बसून राहतात. तुम्ही त्या दिवशी लसीकरणाची नोंदवही लिहीत बसलात तर पुढचे सहा महिने तुमच्या लसीकरणाला कुणी येणार नाही. बोलता येत नसलं तरी जाऊन बसा. बोलण्याची अपेक्षाही नसते.

आणखी एक, जे गोऱ्या मिशनऱ्यांच्या पुस्तकांत सापडत नाही. तिथं भारतीयाला 'आम्वेन्ये' म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढं दुकानदार उभा राहतो. १९७० च्या दशकात मलावीचे पहिले राष्ट्राध्यक्ष बांडा यांच्या राजवटीनं भारतीय व्यापाऱ्यांना खेड्यांतून काढून मोठ्या शहरांपुरतं ठेवलं. जुन्या माणसांना ते आठवतं. त्यामुळे 'दुकान कधी उघडणार?', 'साखर उधार द्याल का?' हे प्रश्न येतील. रागावू नका. मीठसाबण विकत घेताना गावातल्याच टपरीवरून घ्या म्हणजे शंका आपोआप मावळते.

प्रश्न : मुलगी आणि जावई चालले आहेत. तिथं भाकरी मिळेल का? सोबत काय बांधून देऊ? (मोदी, सोलापूर)

भाकरी मिळणार नाही, करता येईल. ज्वारीला तिथं मापिरा म्हणतात. दक्षिणेला शिरे नदीच्या खोऱ्यात ती पिकते, इतरत्र बाजारात शोधावी लागते. मालदांडीची चव मात्र विसरा.

रोजचं जेवण म्हणजे न्सीमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ज्वारीची उकड ज्यांच्या हातची बसली आहे त्यांना दोन दिवसांत जमते. चार माणसांना एक लिटर पाणी आणि साधारण ४०० ग्रॅम पीठ घ्यावं. पाणी कोमट असतानाच तिसरा हिस्सा पीठ भुरभुरून ढवळत राहायचं. उकळी आली की पातळ पेज होते, तिला फाला म्हणतात. झाकण ठेवून मंद आचेवर आठदहा मिनिटं रटरटू द्या. मग उरलेलं पीठ मूठमूठ घालत मोठ्या लाकडी उलथन्यानं भांड्याच्या कडेवर दाबत घोटायचं. सगळं पीठ एकदम उकळत्या पाण्यात ओतलं की गुठळ्या होतात आणि आतलं पीठ कच्चं राहून पोट बिघडतं. नव्या माणसाची न्सीमा फसते ती बहुधा इथंच. पांढरंशुभ्र पीठ दिसायला चांगलं, पण कोंड्यासकट दळलेलं म्गाइवा पीठ पोषणाला बरं.

तोंडी लावण्याला न्दीवो म्हणतात. पाल्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात. सोलापूरच्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवं! सरोवरातले उसिपा हे बारीक मासे वाळवून विकतात, आपल्या सुकटीसारखे. शेंगदाणा मुबलक मिळतो, पण निवडून घ्या. बुरशी आलेल्या, सुरकुतलेल्या, काळपट दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असतं, ते भाजून जात नाही आणि यकृतावर जातं. काठावरच्या काही भागांत कसावा खातात. त्याची कडू जात असेल तर सोलून तीनचार दिवस पाण्यात भिजवून, वाळवून मगच वापरतात, कारण त्यात सायनाइड तयार होतं. शेजारणीनं केलेला बिनधास्त खा, स्वतः प्रयोग करू नका.

बांधून द्यायचं तर शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट, हळद, हिंग, सगळं हवाबंद पाकिटात द्या. कडक भाकरीही टिकते, पण ट्रंकेत चुरा होतो. कच्चं धान्य आणि बियाणं देऊ नका, विमानतळावर अडवतात. डाळी आणि मसाले लिलाँग्वे आणि ब्लँटायर या शहरांमधल्या भारतीय दुकानांत मिळतात. चार महिन्यांतून एक फेरी पुरते.

प्रश्न : पाणी सरोवराचंच असणार. गाळून पुरेल का? आंघोळीला सरोवरात उतरलं तर चालतं का? (भावी शिक्षक, जुळे सोलापूर)

दोन्हीचं उत्तर 'नाही'.

पिण्यासाठी : पाणी रात्रभर निवळू द्या, चौपदरी सुती कापडातून गाळा, मग खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. सरपण महाग पडतं, म्हणून क्लोरीन जवळ ठेवा. पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर स्वच्छ पाण्याला लिटरमागे दोन थेंब, गढूळसर पाण्याला चार. अर्धा तास थांबून वास घ्या. क्लोरीनचा किंचित वास आला पाहिजे, अजिबात आला नाही तर पुन्हा तेवढेच थेंब घालून पंधरा मिनिटं थांबा. आपल्याकडची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर डबा उघडला की आठवडाभरातच उतरू लागते, जुन्या डब्यावर विसंबू नका. सरपण आणि क्लोरीन दोन्ही संपलं तर स्वच्छ, बिनरंगी दोन लिटरच्या प्लास्टिक बाटल्या पत्र्यावर आडव्या ठेवा. कडक उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. बाटलीच्या पलीकडे धरलेलं छापील अक्षर वाचता आलं नाही तर पाणी त्या पद्धतीसाठी फार गढूळ आहे असं समजा.

हा खटाटोप फुका नाही. २०२२-२३ मध्ये मलावीत कॉलऱ्यानं १,७०० हून अधिक माणसं दगावली, आणि मासेमारीच्या वस्त्यांना त्याचा धोका नेहमीच जास्त असतो. जुलाब लागले आणि ओआरएसची पाकिटं संपली तर : एक लिटर शुद्ध पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ उंच भरलं तर लेकराला उलट अपाय होतो.

आंघोळीचं दुखणं वेगळं आहे. सरोवराच्या उथळ, शेवाळी काठावर गोगलगायी असतात. त्यांतून बिलहार्झिया या कृमीरोगाचे सूक्ष्म जंतू पाण्यात सुटतात आणि थेट कातडीतून शरीरात शिरतात. पाणी तोंडात गेलं नाही तरी लागण होते. 'बाहेर येऊन टॉवेलनं खसखसून पुसलं की काही होत नाही' असं पाहुण्यांना सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका, टॉवेल सोलापूरचा असला तरी. त्यापेक्षा सरोवराचं पाणी गाळून झाकलेल्या पिंपात ४८ तास ठेवा. गोगलगायीवाचून ते जंतू तेवढा वेळ जगत नाहीत. म्हणून दोनशे लिटरचे दोन ड्रम घ्या : एक वापरात, एक मुरत ठेवलेला. घाई असेल तर पाणी चांगलं गरम करा, ५० अंशांवर पाच मिनिटं. नदीच्या मुखापाशी मगरी असतात आणि सांजवेळी पाणघोडे काठावर चरायला येतात, म्हणजे पाण्याला जाण्याची वेळही ठरलेली ठेवावी लागते.

पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ८ बाय ५ मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पडला तर हजार लिटर, गळती आणि उडणं वजा जाता आठशे. दर पावसात पहिले वीसपंचवीस लिटर सोडून द्या, त्यात पक्ष्यांची घाण असते. टाकीला डासजाळी नसेल तर पाणी नव्हे, मलेरिया साठवाल.

संडासाचं थोडक्यात : विहिरीपासून किमान ३० मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला, आणि खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर. काठावरची जमीन वाळूची असते, विटांचं किंवा तळ काढलेल्या ड्रमांचं अस्तर दिलं नाही तर पहिल्याच पावसात खड्डा ढासळतो. दर वेळी मूठभर राख टाकली की माश्या कमी होतात.

प्रश्न : मलेरियाची लस, गोळ्या, यलो फीव्हर… डॉक्टर एक सांगतात, एजंट दुसरंच. खरं काय? (होटगी रोड)

एजंटाचं ऐकू नका.

यलो फीव्हरची लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबईत अशी केंद्रं आहेत. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. मलावीत हा रोग नसला तरी मुंबईहून जाताना विमान बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीला बदलावं लागतं, आणि इथिओपिया, केनिया हे जोखमीचे देश आहेत. तिथला मुक्काम लांबला की जाताना मलावीत आणि येताना भारतात प्रमाणपत्र मागतात. नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. सोलापूरचं रिझर्व्हेशन तेवढ्यात वाया जातं, आणि डोक्याला ताप वेगळाच.

मलेरियावर प्रवाशांसाठी नेहमीची लस नाही. २०१९ मध्ये मलावीत जी लस जगात पहिल्यांदा नियमित लसीकरणात आली ती लहान मुलांसाठी आहे. मोठ्यांसाठी गोळ्या. क्लोरोक्विन तिथल्या मलेरियावर भरवशाचं नाही. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम : निघायच्या एकदोन दिवस आधी सुरू करायचं, परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचं. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. ऊन लवकर बाधतं. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्याला एक असल्यानं सोपं वाटतं, पण काहींना भयंकर स्वप्नं पडतात, म्हणून दोनतीन आठवडे आधी इथंच सुरू करून बघतात. फिट येणाऱ्याला किंवा मानसिक आजार असलेल्याला ते चालत नाही. निवड तुमच्या डॉक्टरांची.

गोळ्या सुटतात त्या साधारण सहाव्या महिन्यात. 'इथले लोक कुठं घेतात?' हा विचार तेव्हाच डोकं वर काढतो. इथले लोक लहानपणापासून डासांचे चावे खाऊन काहीशी प्रतिकारशक्ती कमावून बसलेले असतात. सोलापुरात वाढलेल्या माणसाकडे ती नसते, आणि फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया दोनतीन दिवसांत मेंदूवर जाऊ शकतो. कीटकनाशक बसवलेली मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. धुतलीत तर सावलीत वाळवा, उन्हानं औषध उतरतं. ताप आला की त्याच दिवशी रॅपिड टेस्ट करा. निगेटिव्ह आली पण ताप आहे, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करा.

स्कॉटलंडच्या लिव्हिंगस्टोनिया मिशनच्या मिशनऱ्यांनी १८७५ मध्ये याच सरोवराच्या दक्षिण टोकाला, केप मॅक्लिअरला ठाणं मांडलं. जागा देखणी, पण तापानं माणसं गेली. १८८१ मध्ये ते बांडावेला हलले आणि १८९४ मध्ये खोंडोवेच्या पठारावर, जिथं डास कमी. केप मॅक्लिअरला त्यांची थडगी अजून आहेत. घर बांधायला जागा निवडताना सरोवराचं दृश्य शेवटी बघा. आधी दलदल किती दूर आणि वारा कुठून येतो ते बघा.

प्रश्न : मी एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. बहिणीसाठी सोलरचा हिशेब करून हवा. (अक्कलकोट रोड)

हिशेब आधी वापराचा. पाच वॉटचे चार दिवे पाच तास : १०० वॉट-तास. दोन मोबाइल : ३०. लॅपटॉप ४५ वॉटचा, दोन तास : ९०. बारा व्होल्टचा छोटा पंखा १५ वॉटचा, सहा तास : ९०. बेरीज ३१०. तारा, कंट्रोलर आणि बॅटरीतली गळती धरून ०.७ नं भागा : सुमारे ४४०. पावसाळ्यात दिवसाला चार तासांचं कामाचं ऊन धरलं तर ११० वॉटचं पॅनेल लागतं, म्हणून १५० चं घ्या. कंट्रोलर २० अँपिअरचा. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे दोन दिवसांच्या साठ्याला १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवर. लिथियम फॉस्फेट असेल तर ६५ च्या आसपास भागतं, पण ती विमानातून नेता येत नाही, तिथंच विकत घ्यावी.

आता सोलापूरकराची खास चूक. आपण पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवतो. मलावी विषुववृत्ताच्या खाली आहे, तिथं तोंड उत्तरेला. तिरपेपणा १५ अंश पुरे, धूळ वाहून जाण्यापुरता.

दुसरी चूक तारेत. पॅनेलपासून कंट्रोलर दहा मीटर लांब असेल आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली, तर १२ अँपिअरला पावणेदोन व्होल्ट तारेतच जातात आणि बॅटरी कधी भरतच नाही. लोक मग बॅटरी बदलतात. सहाची तार घातली की पाऊण व्होल्ट जातो. बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज हवाच. तिथले प्लग जाड चौकोनी तीन पायांचे असतात, इथून अॅडॉप्टर द्या. आणि बहिणीला बजावून सांगा : दवाखान्यातल्या लसींच्या सोलर फ्रिजच्या लाइनवर मोबाइलसुद्धा लावायचा नाही.

प्रश्न : आफ्रिका म्हणजे उकाडाच. गरम कपडे कशाला? (पंढरपूर)

सोलापूर उत्तरेला जेवढ्या अक्षांशावर आहे, मलावीचं दक्षिण टोक विषुववृत्ताच्या खाली जवळपास तेवढंच. म्हणून ऋतू उलटे. जूनजुलैत तिथं थंडी, आणि पठारी भागात रात्री चांगलंच गारठतं. सोलापुरी चादरी दोन न्या, मुखियाची तिसरी. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. बायकांनी गुडघे झाकले पाहिजेत. पंजाबी ड्रेस चालतो, त्यावरून चितेंजे हे दोन मीटरचं छापील कापड गुंडाळलं की बाजारातही कुणी वळून बघत नाही. उपासनेला साडी नेसली तर लोक खूश होतात.

प्रश्न : मंडळीत वर्गणी जमते आहे. दर महिन्याला गावासाठी काही रक्कम पाठवावी म्हणतो. कशी द्यावी? (खजिनदार, बार्शी)

आधी तुमच्या सीएकडे जा. धर्मादाय ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च झाला तर त्यावरची करसवलत जाऊ शकते, आगाऊ परवानगीचा प्रश्न असतो. व्यक्तीनं स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत पाठवणं निराळं.

आता तिकडचं टोक. पैसा त्या दोघांच्या हाती देऊ नका. जोडपं हेच गावाचं एटीएम झालं की दारात रोज रांग लागते, दवाखान्यात खऱ्या दुखण्यापेक्षा कर्जाच्या गोष्टी जास्त निघतात, आणि ज्याला 'नाही' म्हटलं तो मंडळीत येईनासा होतो. तिथल्या मंडळीचा स्वतःचा गरीब फंड असतो, पंच असतात. रक्कम तिथं जाऊ द्या, आणि कुणाला द्यायची ते त्यांनीच ठरवावं. जानेवारी ते मार्च हे तिथले उपासमारीचे महिने : जुना मका संपलेला, नवा एप्रिलच्या आधी हाती येत नाही. वर्षभर थोडं थोडं पाठवण्यापेक्षा पीक निघाल्यावर मे-जूनमध्ये मका स्वस्त असतो तेव्हा एकदम पाठवा. तो पोत्यांत भरून, कीड लागू न देता ठेवला, तर फेब्रुवारीत त्याच पैशात कितीतरी जास्त घरं जेवतात.

जोडप्यानं स्वतः मदत करायची ती गान्यूच्या रूपात, म्हणजे रोजंदारीचं छोटं काम. अंगण सारवणं, पाणी भरणं, कुंपण घालणं. मजुरी गावात चालते त्याच दरानं. दयेपोटी दुप्पट दर दिला तर शेजारच्या विधवेला तिच्या शेतावर माणूस मिळत नाही. पैसे मोबाइलवर देता येतात, एअरटेल मनी आणि म्पाम्बा खेड्यांतही चालतात, आणि हिशेबही राहतो.

औषधांचे खोके पाठवू नका. मुदत उलटत आलेल्या गोळ्या गोळा करून पाठवणं हे दान नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकणं आहे. दवाखान्याला काय हवं ते तिथल्या प्रमुखांना विचारा. गावोगाव फिरणारे सरकारी आरोग्य सहायक असतात, त्यांना बऱ्याचदा सायकलची ट्यूब जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : उपासना कोणत्या पद्धतीची घ्यावी? आमची भजनं शिकवावीत का? (सात रस्ता)

तिथं मंडळी आधीपासून आहे हे लक्षात असू द्या. लिव्हिंगस्टोनिया आणि ब्लँटायर इथल्या मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्येच एकत्र आल्या आणि त्यांची स्वतःची प्रेसबिटेरियन मंडळी झाली. आपली उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) १९७० ची. वयानं ते मोठे. उपासना त्यांचे पाळक घेतील, तुम्ही मागच्या बाकावर बसा.

नारायण वामन टिळकांनी विलायती चालींऐवजी अभंग आणि कीर्तन आणलं म्हणून आपल्याकडची उपासना मराठी वाटली. तोच न्याय तिथं लावा : त्यांचा ढोल, त्यांचे सूर, त्यांचा नाच. एखादं मराठी भजन आग्रहानं मागितलं तर जरूर म्हणा, हार्मोनियमवाचूनही चालतं. लिव्हिंगस्टोनियाच्या आरंभीच्या सेवकांत विल्यम कोयी होते, दक्षिण आफ्रिकेतल्या लव्हडेलहून १८७६ मध्ये आलेले, स्वतः आफ्रिकन. न्गोनी लोकांत त्यांचं बस्तान बसलं, कारण न्गोनींच्या बोलीशी त्यांच्या मातृभाषेचं जवळचं नातं होतं.

प्रश्न : दोन वर्षांनी परत आल्यावर तब्येतीचं काय बघावं? (मोदी, सोलापूर)

मलेरियाच्या गोळ्या ठरल्या मुदतीपर्यंत घेतल्याच पाहिजेत, घरी पोचलो म्हणून सोडायच्या नाहीत. पुढचं वर्षभर ताप आला की डॉक्टरांना आधी 'मलावीहून आलो' हे सांगा, मग बाकीचं. सोलापुरात ताप म्हटलं की डेंग्यू-टायफॉइडच्या तपासण्या आधी होतात. फाल्सिपॅरमला तेवढा वेळ देता येत नाही.

बिलहार्झियाची तपासणी सरोवराच्या पाण्याशी शेवटचा संबंध आल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी करा, त्याआधी अंडी सापडत नाहीत. लक्षणं नसली तरी करा. लघवी आणि शौच दोन्ही द्या. लघवी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानची द्या, त्या वेळी अंडी जास्त उतरतात. सकाळी उठल्याउठल्याची बाटली नेऊन दिली तर रिपोर्ट खोटा स्वच्छ येऊ शकतो. रोग निघाला तर प्राझिक्वांटेल वजनावरून देतात, बहुधा एकाच दिवसात संपतं.